दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कशेजारचा न्यूअर्क विमानतळ यांच्यातलं अंतर शोधायला गेलात, तर एके ठिकाणी सुमारे १५,३५० किलोमीटर दिसेल आणि दुसरीकडे १६,७०० किलोमीटर. फरक तब्बल साडेतेराशे किलोमीटरचा. गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला आहे पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेला सर्वांत जवळचा रस्ता. दुसरा आहे विमान कंपनीने २०१८ मध्ये ही विनाथांबा सेवा सुरू करताना सांगितलेला, विमान प्रत्यक्षात कापणार त्या वाटेचा.

वेळेचंही तसंच आहे. 'किती तास लागतात?' या एका प्रश्नाची निदान तीन उत्तरं असतात: विमान हवेत किती वेळ असतं, तिकिटावर किती तास लिहिलेत, आणि तुमचा प्रवास एकूण किती वेळ चालतो. पहिल्यांदा लांबचा प्रवास ठरवणाऱ्यांचा गोंधळ होतो तो या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. म्हणून एकेक करून घेऊ. कागद, पेन आणि साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

पायरी १: विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. शोधताना शहराच्या नावाऐवजी तो कोड टाका. एसवायडी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि वायक्यूवाय म्हणजे कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातलं सिडनी. नुसतं 'सिडनी' पाहून तिकीट काढलेले प्रवासी खरोखरच कॅनडात उतरलेले आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, तसं अमेरिकेतल्या अलाबामातही आहे.

दुसरी अडचण शहराच्या कोडची. एलओएन हा लंडन शहराचा कोड आहे, कुठल्याही एका विमानतळाचा नाही. त्यात हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन सगळे येतात. अंतरात यामुळे फार फरक पडत नाही, पण एका विमानतळावर उतरून पुढचं विमान दुसऱ्यावरून पकडायचं असेल तर वेळेत प्रचंड पडतो.

पायरी २: सरळ अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. आपल्या ओळखीचा जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ मधली, आणि जहाजांना होकायंत्राची दिशा धरून चालता यावं यासाठी केलेली. ध्रुवांकडे जावं तसा तो सगळं ताणत जातो. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. अशा नकाशावरची सरळ रेघ पृथ्वीवर सरळ नसते.

त्यापेक्षा पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो सर्वांत जवळचा रस्ता. यालाच बृहद्वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात. टोकियो ते लंडन दोरा ताणलात तर तो मध्य आशियातून न जाता सायबेरियावरून पार उत्तरेला चढतो. सिडनी ते सँटियागो ताणलात तर पॅसिफिकच्या मध्याऐवजी अंटार्क्टिकाच्या दिशेने खाली झुकतो. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकडी दिसते ती याच कारणाने. विमान सरळच चाललेलं असतं, वाकडा असतो तो नकाशा.

आता आकडा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर बृहद्वृत्तावरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. ही एक संख्या लक्षात ठेवली की काही हिशेब तोंडी होतात.

दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर असतील तर फक्त अक्षांशांतला फरक पाहायचा. इस्तंबूलचा विमानतळ ४१.३ अंश उत्तरेला आहे, जोहान्सबर्गचा २६.१ अंश दक्षिणेला. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, म्हणून बेरीज: ६७.४ अंश. गुणिले १११.२, म्हणजे सुमारे ७,५०० किलोमीटर. झालं.

दोन विमानतळ पृथ्वीच्या अगदी विरुद्ध बाजूंच्या रेखांशांवर असतील तर वाट जवळजवळ ध्रुवावरून जाते. सिंगापूर १०४ अंश पूर्व, न्यूअर्क ७४.२ अंश पश्चिम: मध्ये १७८ अंश, म्हणजे जवळपास अर्धी पृथ्वी. अक्षांश १.४ आणि ४०.७, दोन्ही उत्तर. त्यांची बेरीज ४२.१, ती १८० मधून वजा केली की १३७.९ अंश. गुणिले १११.२, उत्तर सुमारे १५,३३५. वरच्या १५,३५० च्या किती जवळ आलो बघा.

बाकी सगळ्या जोड्यांसाठी मात्र सूत्र लागतं. शब्दांत सांगायचं तर असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. या दोन उत्तरांची बेरीज करा आणि तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढा. जे अंश येतील त्यांना १११.२ ने गुणा. दक्षिणेचे अक्षांश आणि पश्चिमेचे रेखांश उणे चिन्हाने घ्यायचे, आणि कॅल्क्युलेटर रेडियनवर नसून अंशांवर आहे ना, हे आधी पाहायचं. चूक होते ती बहुतेक वेळा इथेच.

हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेऊन करून बघा. साइनचा गुणाकार ०.५०९५ येतो, दुसरा भाग ०.१३५६. बेरीज ०.६४५१, उलटा कोसाइन ४९.८३ अंश, आणि अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. अचूक साधनं ५,५५५ च्या आसपास दाखवतील. कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांवर ६,३५७. गोल धरल्याने होणारी चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. प्रवास ठरवायला तेवढी चालते.

एवढा खटाटोप नको असेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन कोड टाका, किंवा गुगल मॅप्समधलं अंतर मोजायचं साधन वापरा. तरी एखादं अंतर हाताने काढून पाहाच. नंतर कुठे भलताच आकडा दिसला तर तो लगेच खटकतो. उदाहरणार्थ, पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर सुमारे २०,००० किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही.

एककांकडे लक्ष असू द्या. विमानवाहतुकीत सागरी मैल चालतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसतं 'मैल' लिहिलं असेल तर कोणता, ते बघून मगच रूपांतर करा.

पायरी ३: विमान त्या वाटेने जातं का, ते बघा

क्वचितच जातं. विमानाला सर्वांत कमी लांबीची वाट नको असते, सर्वांत कमी वेळ आणि इंधन लागणारी हवी असते. सिंगापूरहून न्यूयॉर्ककडे जाणारी विमानं अनेकदा ध्रुवाचा रस्ता सोडून पॅसिफिकवरून जातात, कारण तिथे पाठीमागून जोराचा वारा मिळतो. हजारभर किलोमीटर जास्त कापूनही ती वेळेत फायद्यात राहतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्यांप्रमाणे आकाशातले रस्तेच रोज नव्याने आखले जातात.

बंद आकाश हे दुसरं कारण, आणि त्याचा फटका मोठा असतो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं हवाई क्षेत्र अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांच्या आसपास गेला. फिनलंडची विमान कंपनी तेव्हा उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. हीच कंपनी १९८३ मध्येही टोकियोला ध्रुवावरूनच जात होती, कारण तेव्हा सोव्हिएत आकाश बंद होतं. त्या काळात इतर अनेक युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जायची. सरळ अंतरात या सगळ्या काळात एका किलोमीटरचाही फरक पडलेला नाही.

तिसरं, सुरक्षेचे नियम. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. नव्या विमानांना ती पुष्कळ वाढवून मिळाली आहे, एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत. तरी निर्मनुष्य महासागरांवर हा नियम वाट थोडी वाकवतोच. तिबेटचं पठार टाळण्याचं कारण वेगळं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे.

नवख्याने एवढं करावं: सरळ अंतरात तीन ते पाच टक्के मिळवावेत. वाटेत बंद आकाश असेल तर अंदाज सोडून द्यावा आणि प्रत्यक्ष उड्डाणांचे वेळ पाहावेत.

पायरी ४: अंतरावरून तास

लांब पल्ल्याची बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ही विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवरच्या कडक थंडीत हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. पण पूर्ण प्रवासाची सरासरी एवढी नसते. म्हणून माझा ठोकताळा असा: सरळ अंतर (वरचे टक्के न मिळवता) भागिले ८५०, अधिक ४० मिनिटं. या ४० मिनिटांत धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं आणि गेटपर्यंत पोचणं येतं. पर्थ ते लंडन सुमारे १४,५०० किलोमीटर. भागिले ८५० म्हणजे १७ तास ४ मिनिटं, अधिक ४० मिनिटं. वेळापत्रकातही साडेसतरा तासांच्या आसपासच सापडेल.

आता वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा वेग नेहमीचा, हिवाळ्यात तो कधी तीनशेच्याही पुढे जातो. लंडन-न्यूयॉर्कच्या ५,५५० किलोमीटरवर सरासरी ताशी १०० किलोमीटर वारा धरा. पश्चिमेकडे जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ८००, म्हणजे जवळजवळ सात तास हवेत. परत येताना वेग १,०००, म्हणजे साडेपाच तास. तेच विमान, तेच अंतर, आणि फरक सुमारे दीड तासाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेल्या एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर पाच तासांच्या आत, ४ तास ५६ मिनिटांत कापलं होतं.

(जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असं वाटेल. तसं होत नाही. सात आणि साडेपाच मिळून साडेबारा तास होतात, आणि वारा नसता तर जाऊन-येऊन सव्वाबारा लागले असते. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ सापडलेलं असतं ना!)

म्हणून मध्यम अक्षांशांवर पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर ठोकताळ्यात पश्चिमेकडे जाताना दहा टक्क्यांपर्यंत वाढवा, पूर्वेकडे येताना थोडं कमी करा. उत्तर-दक्षिण प्रवासाला ही भानगड फारशी नाही.

तिकिटावरचे तास मात्र हवेतले नसतात. वैमानिकांच्या भाषेत ते 'चॉक्स ऑफ' ते 'चॉक्स ऑन': चाकांखालचे ठोकळे काढून विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटवर ठोकळे लागेपर्यंत. यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी फट आधीच ठेवतात, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान बहुतेक ठिकाणी वेळेवरच धरलं जातं. 'उशिरा निघालो तरी वेळेवर पोचलो' यामागे वैमानिकाच्या कौशल्याइतकीच ही फटही असते.

पायरी ५: घड्याळाचा गुंता सोडवा

तिकिटावर छापलेल्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ थेट वजा करणं ही नवख्यांची सर्वांत जुनी चूक. आधी दोन्ही वेळा यूटीसी या जागतिक वेळेत आणा, मगच वजाबाकी करा.

समजा जुलैमध्ये पर्थहून संध्याकाळी ६:४५ ला निघून लंडनला दुसऱ्या दिवशी पहाटे ५:०५ ला पोचायचंय. पर्थ यूटीसीच्या आठ तास पुढे, म्हणजे सुटलो १०:४५ यूटीसीला. लंडन उन्हाळ्यात एक तास पुढे, म्हणजे पोचलो ४:०५ यूटीसीला. मधले तास १७ आणि वर २० मिनिटं. घड्याळाकडे पाहिलं तर प्रवास दहाच तासांचा वाटतो.

इथे 'जुलै' हा शब्द महत्त्वाचा. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतो. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणजे वर्षातले काही आठवडे या दोघांमधला फरकही नेहमीचा नसतो. पर्थ घड्याळ अजिबात हलवत नाही. आणि वेळेचे फरक पूर्ण तासांचेच असतात असंही नाही: भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तर उत्तर चक्क उणे येतं. उन्हाळ्यात टोकियोहून सोमवारी संध्याकाळी ५ ला निघून दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरलात, तर तिथे सोमवारचेच सकाळचे ११ वाजलेले असतील. निघण्याआधी सहा तास! उलट दिशेने जाताना हाच दिवस हातातून निसटतो. तिकिटावरचं '+१' किंवा '+२' (एक किंवा दोन दिवसांनंतरच्या तारखेला पोचणार) त्यासाठी असतं. हॉटेलचं आरक्षण त्या तारखेप्रमाणे करा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांच्या बाबतीत मात्र '+१' आपल्याला वाचवत नाही. मी स्वतः एकदा १४ तारखेच्या ००:४० च्या विमानासाठी १४ तारखेच्या रात्री निघायची तयारी करत होतो. विमान १३ च्या रात्री जागून पकडायचं होतं. दुपारी तिकीट पुन्हा उघडलं तेव्हा ते विमान सुटून बारा तास होऊन गेले होते. तेव्हापासून ००:०० ते ०३:०० मधलं कुठलंही तिकीट काढलं की कॅलेंडरवर आदल्या संध्याकाळी 'आज रात्री निघायचं' असं लिहून ठेवतो.

पायरी ६: थांबे आणि एकूण प्रवास

'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे एकच नव्हेत. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेच न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण वाटेत ते थांबू शकतं. तिकीट काढताना 'थांबे: ०' दिसतंय का, ते पाहा.

थांबा घ्यायचाच असेल तर तो सरळ वाटेच्या जवळ निवडा. लंडन ते सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे दोन तुकड्यांची बेरीज होते सुमारे १७,२००, म्हणजे वळसा जवळपास नाहीच. दुबईमार्गे १७,५०० च्या आसपास, तेही चालेल. लॉस एंजेलिसमार्गे मात्र जवळजवळ २१,०००. तिकीट स्वस्त मिळालं तरी ते जास्तीचे चार-साडेचार तास सीटवर तुम्हालाच काढायचे आहेत.

दोन विमानांच्या मधल्या वेळेत पहिलं विमान पोचण्यापासून दुसरं सुटेपर्यंतची मिनिटं मोजू नका. दुसऱ्याचं गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद होतं, आणि रुंद विमानातून शेवटच्या रांगेतल्याला बाहेर पडायलाच वीस मिनिटं लागू शकतात. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर बॅगा घेऊन, इमिग्रेशन करून, पुन्हा चेक-इन करायचं आणि चुकलं तर भुर्दंड तुमचा. अशा वेळी मी चार तासांच्या खाली जात नाही.

मग दोन्ही टोकांना घरापासून विमानतळ, आधी पोचण्याचे तीन तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान हे सगळं मिळवा. सात तासांचं उड्डाण सहज तेरा-चौदा तासांचा दिवस होतो.

पायरी ७: आपला आकडा ताडून बघा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर तुमचा फ्लाइट नंबर टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता सुटलं आणि कधी उतरलं, हे तिथे दिसतं, बहुतेक वेळा नकाशावरच्या वाटेसह. एका दिवसावर जाऊ नका, आठवडाभराच्या नोंदी पाहा. पुढचं विमान पकडायचं असेल तर सरासरीपेक्षा त्यातला सर्वांत वाईट दिवस जास्त कामाचा. आणि प्रवास जानेवारीत असेल तर जुलैमधल्या नोंदींवर विसंबू नका, तोवर वाराही बदललेला असतो आणि घड्याळही.